साहेब, परमिशन आहे का?

डोंबिवलीला समुद्रकिनारा आहे. डोंबिवलीकरांना हे ठाऊक नाही, पण सरकारला आहे. 'सीआरझेड', म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, ही जुहू, अलिबाग आणि फार तर केळव्याच्या लोकांची डोकेदुखी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात भरतीचं पाणी खाडीतून जेवढं आत शिरतं, तेवढा किनाराही त्याच्यामागोमाग आत येतो. भरतीचा अंमल कुठे संपला हे मोजायची रीतही नियमांत लिहून ठेवली आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत पाच भाग क्षार निघाले, तर तिथवर किनारा. तात्पर्य, आमटीत मीठ जास्त पडलं तर घरात भांडण होतं आणि खाडीत जास्त निघालं तर बिल्डरचा नकाशा अडतो. कल्याण-डोंबिवलीची खाडी या हिशोबात बसते. म्हणजे मोठागावच्या रेतीबंदरावर वडापाव खाणारा माणूस कायद्याने पाहिलं तर समुद्रकिनारी सहलीला आलेला असतो.

इतिहासाचाही याला पाठिंबा आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं दुर्गाडी किल्ल्याजवळच्या याच खाडीत बांधायला घेतली. कल्याणकर हे ऐकवायची संधी सोडत नाहीत. सोडूही नये, ऐकवण्यासारखं दुसरं काही पत्रीपुलावरच्या वाहतूककोंडीने शिल्लक ठेवलेलं नाही.

किनारा आला की सूर्यास्त आला. सूर्यास्त आला की कॅमेरा आला. आणि कॅमेरा आला की कुठून तरी शिट्टी वाजते. शिट्टीमागून निळ्या शर्टातले एक गृहस्थ येतात. खांद्यावर एजन्सीचा बिल्ला, हातात काठी, पायांत स्वतःच्या चपला. ते विचारतात, "साहेब, परमिशन आहे का?"

कशाची परमिशन, असं उलट विचारून उपयोग नसतो, कारण ते त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. "वरून ऑर्डर आहे," एवढंच ते सांगतात. आपण नकळत वर बघतो. वर एक घार फिरत असते.

या प्रश्नाची मौज अशी, की तो सर्वांना विचारला जात नाही. खाडीकाठच्या त्याच कट्ट्यावर पन्नास माणसं मोबाइल उंचावून त्याच सूर्याचे फोटो काढत असतात. कॉलेजची पोरं ओठांचा चंबू करून सूर्याला तळहातावर घेत असतात. एक आजोबा सूर्याचा फोटो समजून स्वतःच्या अंगठ्याचा व्हिडिओ घेत असतात. त्यांना कोणी हटकत नाही. आजच्या मोबाइलमधून चंद्रावरचे खड्डे मोजता येतात, आपल्या रस्त्यावरचे तर नक्कीच. पण मोबाइल खिशात मावतो, म्हणून तो निरुपद्रवी. गळ्यात काळा, जाडजूड कॅमेरा दिसला की मात्र माणूस बदलतो. भिंग जितकं लांब, तितका संशय लांब. वीतभर भिंगाचा माणूस हौशी समजला जातो, हातभर भिंगाचा पत्रकार, आणि त्याहून मोठं असेल तर थेट परदेशी हेर.

आणि ट्रायपॉड लावला की संपलंच. माणूस दोन पायांवर उभा आहे तोवर पर्यटक. त्याने आणखी तीन पाय उभे केले, की त्याचं 'शूटिंग' होतं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांतही हाच न्याय आहे: हातातल्या कॅमेऱ्याने खुशाल फोटो काढा, ट्रायपॉड आणायचा तर परवानगी काढा. तिथे निदान जुन्या फरशीची काळजी समजू शकते. आमच्या कट्ट्यावर पेव्हर ब्लॉक आहेत आणि ते दर दोन वर्षांनी पालिकाच उखडते.

शूटिंग हा शब्द नुसता हवेत गेला तरी गर्दी जमते. ठाण्यात तर विचारूच नका. अर्ध्या मराठी मालिकांचं सासर घोडबंदर रोडवर असल्यामुळे तिथल्या माणसाला कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न, "कुठली सिरियल?" आपण बगळ्याचा फोटो काढतोय म्हटलं, की त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते ती बगळ्यालाही कळते. "बगळा काय, आमच्या गॅलरीत पण येतो," असं सांगून तो निघून जातो. गायमुखच्या चौपाटीवर वाळू नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण फोटोग्राफर आहे आणि हिरॉईन नाही हे लोकांना सहन होत नाही.

हिरॉईन असते ती प्रीवेडिंगवाल्यांकडे. पहाटे साडेपाचला उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठाला एक जीप येते. तीतून चार बॅगा, दोन छत्र्या, धुराच्या कांड्या, एक फुगलेला घागरा आणि झोपेतून उठवलेला एक नवरदेव बाहेर पडतो. मॉर्निंग वॉकवाल्या काकांच्या वाटेवर घागरा पसरतो. काका थांबतात. फोटोग्राफर म्हणतो, "अंकल, थोडा साइडने." तेहतीस वर्षं त्याच बाजूने चालणारे काका त्याला नागरिकशास्त्र शिकवतात. शिट्टीवाले गृहस्थही येतात. मग फोटोग्राफर त्यांना जरा बाजूला, झाडामागे घेऊन जातो. दोन मिनिटांनी दोघे बाहेर येतात तेव्हा वरची ऑर्डर बदललेली असते.

तर मुद्दा असा, की परमिशन लागते की नाही?

सार्वजनिक रस्त्यावर, पुलाच्या पदपथावर किंवा खाडीच्या काठावर उभं राहून निसर्गाचा फोटो काढायला परवानगी लागते, असं सांगणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. सूर्यास्ताचा मालक कोणी नाही. समोरच्या बत्तीस मजली टॉवरचा मालक आहे, पण त्यालाही तक्रार करता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की इमारतीचा फोटो काढणं म्हणजे तिच्या आराखड्याची चोरी नव्हे. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचंही तेच. चौकातल्या काही पुतळ्यांची कारागिरी पाहता त्यांची नक्कल करण्याचा मोह कोणाला होईल असं वाटत नाही, पण कायद्याने आपल्याला सूट दिली आहे.

मग पुलांवर 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशा पाट्या का असतात? त्यांचं मूळ बरंच मागे जातं. १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा अजून चालू आहे. संरक्षणाची ठिकाणं त्यात येतातच. शिवाय रेल्वे, रस्ते, जलमार्ग यांपैकी जी जागा केंद्र सरकार अधिसूचना काढून 'निषिद्ध' ठरवेल तीही येते. तिचं चित्र काढून ते शत्रूच्या उपयोगी पडेल असं वागणं हा गुन्हा. आता शत्रूला आपल्या पुलाचा फोटो कशाला हवा असेल, हा वेगळा विचार. पूल किती मिनिटांत ओलांडता येतो हे त्याने पाहिलं, तर तो चढाईचा बेत रद्द करून घरी जाईल. आपल्या वाहतुकीएवढी मोठी संरक्षणव्यवस्था आपल्याकडे दुसरी नाही.

तरी काही ठिकाणी गंमत पुरे. ठाणे खाडी दक्षिणेला वाहत जाते तिथे काठावर तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. फ्लेमिंगो अधूनमधून त्याच दिशेला जाऊन बसतात. त्यांना सुरक्षा तपासणी नाही, आपल्याला आहे. त्या दिशेला हातभर भिंग रोखून "मी पक्षी बघत होतो" असं सांगणारा माणूस खरं बोलत असेल, पण ते पटवून देण्यात त्याची संध्याकाळ जाईल. उलट दुर्गाडीजवळ खाडीकिनारी नौदलातून निवृत्त झालेली 'टी-८०' ही नौका आणून ठेवली आहे. नोकरीत असताना जिचा फोटो काढणाऱ्याला हिसका दाखवला असता, तिच्यासोबत आता सेल्फी काढा असं सांगतात. निवृत्तीनंतर माणसांचंही असंच होतं, फक्त सेल्फी कोणी मागत नाही.

खरीखुरी परवानगी लागते ती फ्लेमिंगोंच्या राज्यात. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' झाला. सुमारे १,६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून थोडी जास्त कांदळवनं आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ठाण्याचं नाव लागलं. ठाणेकरांनी ही बातमी कळव्याच्या पुलावर अडकलेल्या गाडीत बसून वाचली. अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो कोणत्या कारणांसाठी द्यायचा याची यादी २८ व्या कलमात आहे: वन्यजीवांचा अभ्यास, फोटोग्राफी, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामकाज. फोटोग्राफी दुसऱ्या क्रमांकावर आहे, संशोधनाच्याही आधी. हे वाचून आमच्या ओळखीच्या एका हौशी छायाचित्रकाराने कलमाची झेरॉक्स काढून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हेही जोडलं, की फोटो काढताना पक्ष्यांच्या घराला धक्का लागता कामा नये. साधा मार्ग हवा असेल तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून तिकीट काढून होडीत बसावं. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ते गुलाबी पाहुणे मुक्कामाला असतात. चिखलात मान घालून दिवसभर खातात आणि कोणाशी बोलत नाहीत. असे पाहुणे नशिबाने मिळतात.

काठावरच्या कांदळवनांतही असंच जपून. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष केलं, आणि बरीचशी कांदळवनं राखीव जंगल म्हणून जाहीर आहेत. चांगला कोन मिळावा म्हणून चिखलात चार पावलं आत गेलात, तर तुम्ही गुडघाभर चिखलात आणि शिवाय राखीव जंगलात बेकायदा घुसलेले. दोन्हींतून बाहेर पडायला सारखाच वेळ लागतो.

ड्रोनची तर बातच निराळी. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण नकाशा सर्वांना लागू. मुंबईचा विमानतळ एका हाताला, नवी मुंबईचा नवा दुसऱ्या हाताला, आणि वरून पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश. या सगळ्यांतून वाट काढून ड्रोन वर गेलाच, तर घारी त्याला परवाना विचारत नाहीत, सरळ झडप घालतात.

व्यावसायिक चित्रीकरण, म्हणजे सिनेमा, जाहिरात, मालिका, यांना परवानगी हवीच. रस्ता अडतो, गर्दी होते, जनरेटर लागतो; ते बरोबरच आहे. गोची होते ती मधल्या माणसाची. माझ्या भाच्याने एकदा ठरवलं, की आपण नियमाने जायचं. त्याला जेट्टीवर ट्रायपॉड लावून सूर्यास्ताचे फोटो काढायचे होते, प्रदर्शनासाठी. तो अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला.

"कशाचे फोटो?"

"खाडीचे."

"खाडी आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त जेट्टी."

"मी जेट्टीवर उभा राहून काढणार."

"मग उभं राहायची परवानगी आमची, बघायची त्यांची."

"त्यांची म्हणजे कोणाची?"

या प्रश्नाला उत्तर देणं खरोखर अवघड आहे. बंदर आणि जलमार्ग मेरिटाइम बोर्डाकडे, तळाची रेती जिल्हाधिकाऱ्यांकडे, कांदळवनं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, काठावरचा कट्टा महापालिकेकडे, एक पूल रेल्वेचा, दुसरा एमएमआरडीएचा. मासे कोळ्यांचे आणि वास सर्वांचा. भाच्याने तरीही नेटाने अर्ज पुढे सरकवला. तो परत आला, कारण 'वेळ' या रकान्यात त्याने 'सूर्य मावळेल तेव्हा' असं लिहिलं होतं. सरकारी कार्यालयं सव्वासहाला बंद होतात आणि उन्हाळ्यात आपला सूर्य सातला मावळतो. "त्या वेळेस काही झालं तर जबाबदार कोण?" असं त्याला विचारण्यात आलं. सूर्य मावळताना आणखी काय होणार, हे त्याला सुचलं नाही. शेवटी त्याने सूर्योदयाचे फोटो काढले. सकाळी जेट्टीवर कोणी विचारायला नसतं.

खाडीकाठी परवानगी विचारावी असा खरा एकच माणूस आहे, आणि नेमकं त्यालाच आपण विचारत नाही. चेंदणी कोळीवाड्यात जाळी सुकत असतात, होड्या उलट्या टाकलेल्या असतात, एखादी मावशी मासळीची पाटी घेऊन बसलेली असते. फोटोग्राफर येतो, तिच्या तोंडापासून फूटभर अंतरावर भिंग धरतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत निघून जातो. खाडीला चेहरा नाही, मावशीला आहे. अशाच एका मावशीने एकाला झकास सुनावलं होतं, "फोटू काढतंस तो काढ, पन आदी म्हावरा घे." त्याने मुकाट्याने अर्धा किलो बोंबील घेतले. एवढी स्वच्छ, एकखिडकी आणि पावतीविना पारदर्शक परवाना पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. तो गृहस्थ शाकाहारी होता, ही गोष्ट अलाहिदा.

डोंबिवलीत माणसांचे फोटो काढायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि नऊवारीतल्या बुलेटस्वार मुलींइतकेच त्यांचे फोटो काढणारेही रस्त्यावर दिसू लागले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर ज्यांचा फोटो निघतो आणि जे फोटो काढतात, त्यांत फरक करणं कठीण. तिथे कोणी शिट्टी वाजवत नाही. वाजवली तरी ढोल-ताशांत ऐकू येणार नाही.

आपल्याकडे ही हौस काही आजची नाही. १ मे १८५४ ला रेल्वे ठाण्याहून पुढे कल्याणला पोचली आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि काळं कापड. एवढं सामान खाडीवर मांडून एखाद्याने कापडात डोकं घातलेलं आमच्या शिट्टीवाल्यांनी पाहिलं असतं, तर त्यांनी काठी टाकून पळ काढला असता.

या गृहस्थांची चेष्टा पुष्कळ झाली. दोष त्यांचा नाही. बारा तासांची ड्यूटी, तुटपुंजा पगार आणि हाती एकच शिट्टी. ती ते वाजवतात, कारण समोर उभा असलेला कॅमेरेवाला दिसतो, थांबतो आणि 'सॉरी' म्हणतो. रात्री दीड वाजता दिवे मालवून जो डंपर येतो तो यांपैकी काहीच करत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली बजावलं, की कांदळवनं तोडायची नाहीत, त्यांच्यात भराव टाकायचा नाही, भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. तरीही खाडीकाठी राडारोड्याचे ढीग वाढतात. सक्शन पंप लावून रेती उपसली जाते. महसूल खातं अधूनमधून बार्ज जाळतं, पंप फोडतं, आणि काही दिवसांनी नव्याने फोडायला नवे पंप हजर असतात. रेती उपसणाऱ्यांना ट्रायपॉड लागत नाही, म्हणून कोणी त्यांना परमिशन विचारत नाही. सूर्यास्त नेणाऱ्याला आपण अडवतो आणि किनारा नेणाऱ्याला वाट करून देतो.

तेव्हा निकाल असा. रस्त्यावरून, पुलाच्या पदपथावरून, कट्ट्यावरून खाडीचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. पाटी असेल तर ती वाचा आणि शिट्टीवाल्याशी नीट बोला. अभयारण्यात, राखीव कांदळवनात, ड्रोनने किंवा धंद्यासाठी काढायचा असेल तर परवानगी लागते, ती काढा. माणसाचा फोटो काढायचा तर त्या माणसाला विचारा, आणि कोळीवाड्यात असाल तर पिशवी घेऊन जा. रात्री कांदळवनात राडारोडा ओतणारा डंपर दिसला, तर सुरक्षित अंतरावरून, नंबरप्लेट नीट दिसेल असा फोटो काढून तक्रारीसोबत पाठवा. त्याला परमिशन विचारू नका, त्याच्याकडेही नाही.